एकोणीस ठिपके

बंदरावर तिला सगळे मोजणीबाई म्हणत. पाठ फिरली की त्याचंच अडवणीबाई व्हायचं. हे तिच्या कानावर आलं होतं आणि तिला त्याचा राग नव्हता. उलट पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी ती घरापर्यंत गुणगुणत गेली होती, आणि ही बाई गुणगुणते हे पाहून जिन्यात भेटलेल्या शेजारणीने 'बरं आहे ना?' असं विचारलं होतं.

काम तसं साधं होतं. सकाळी साडेसहाला छोट्या लाँचमधून निघायचं, पाण्यावर तरंगणाऱ्या पाच पिवळ्या बोयांपाशी थांबायचं, दोरीला बांधलेलं यंत्र पाण्यात सोडायचं आणि गढूळपणाचा आकडा लिहायचा. बंदराचं खोलीकरण चालू असलं की गाळ उपसणाऱ्या जहाजामुळे पाणी चहासारखं होतं. तो गाळ समुद्रगवतावर बसतो, माशांच्या अंड्यांवर बसतो, आणि जे पळू शकत नाही ते गुदमरून मरतं. म्हणून आकड्याला हद्द घातलेली. लागोपाठ दोनदा हद्द ओलांडली की मोजणीबाईने फोन उचलायचा आणि एकच शब्द बोलायचा, 'थांबवा.' मग ते चार मजली जहाज मुकाट्याने थांबायचं. ती बंदराची नोकर नव्हती, देखरेख मंडळाची होती. त्यामुळे बंदरातल्या कुणाचा फोन आला तरी तिच्या कपाळावर आठी पडत नसे.

गाळ पसरू नये म्हणून जहाजाभोवती पाण्यात जाड कापडाचा पडदा सोडतात. त्याला वीतभर भोक सापडलं तर तिने अख्खा पडदा वर काढायला लावलेला. धक्क्याचे खांब ठोकण्याआधी अर्धा तास हलके ठोके मारायचे, म्हणजे माशांना दूर पळायला वेळ मिळतो, असा नियम होता. ती घड्याळ हातात धरून उभी राही, आणि एकोणतिसाव्या मिनिटाला जोराचा ठोका पडला की पुन्हा पहिल्यापासून अर्धा तास मोजायला लावी. मासे अंडी घालतात ते अडीच महिने तर तिने उपसणीच बंद पाडली होती. ठेकेदाराच्या नाकी नऊ आले होते. पाण्याचं यात भलंच झालं. धक्क्याच्या आतल्या बाजूला पुन्हा गवत दिसायला लागलं होतं. पण बाईचा हेतू काही इतका निर्मळ नव्हता. तिने एका माणसावर डूख धरला होता, आणि पाण्याचं भलं हे त्याच्या जोडीने होत होतं.

तो माणूस म्हणजे बंदराचा मुख्य अभियंता. सगळे त्याला साहेब म्हणत, तीही म्हणायची, पण मनातल्या मनात त्याला कोरडा बूट म्हणायची. कारण बावीस वर्षांपूर्वी, बंदर व्हायच्या आधी, याच माणसाने खाडीच्या तोंडाची पाहणी केली होती आणि अहवालात एक ओळ लिहिली होती: 'येथे जिवंत शिंपल्यांची वस्ती आढळली नाही.' जो माणूस पाण्यात पाऊल न टाकता असं लिहू शकतो त्याचे बूट कोरडेच असणार.

त्या एका ओळीने पन्नास घरं उठली. काही जगतच नाही म्हटल्यावर बंदराचा उपसलेला सगळा गाळ तिथेच नेऊन ओतला. खाडीच्या तोंडाशी वस्ती होती, आणि वस्तीतल्या प्रत्येक घराची शिंपल्यांची आपापली जागा होती. ओहोटीला बायका-पुरुष टोपल्या घेऊन जात आणि गुडघाभर चिखलात वाकून, बोटांनी चाचपून शिंपले काढत. तिची आई डोळे मिटून मोठा आणि लहान ओळखायची आणि लहान परत चिखलात दाबून ठेवायची. गाळ पडल्यावर सहा महिन्यांत सगळं संपलं. वस्तीला तीन मजली इमारतींत खोल्या मिळाल्या. आईला तिसऱ्या मजल्यावर करायला काही उरलं नाही. ती खिडकीत बसून बोटं चोळायची आणि दुसऱ्या वर्षी खंगून गेली. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी आजार लिहिला. मुलीने मात्र त्या आजाराला कोरड्या बुटाचंच नाव दिलं.

तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मावशीकडे राहून विज्ञान शिकत होती. आईचे दिवस झाल्यावर तिने ठरवलं की पाण्याचंच शिकायचं. लग्नाची दोन स्थळं आली, तिने दोघांनाही गढूळपणा म्हणजे काय ते तासभर समजावलं. तिसरं स्थळ आलंच नाही. वडील आणि ती, दोन खोल्या, भिंतीवर आईचा फोटो, आणि जेवताना रोज त्याच माणसाला शिव्या. इमारतीतले जुने शेजारीही त्यात सूर मिसळायचे. 'खोटारडा आहे तो. त्याला सोडू नकोस पोरी,' असं तळमजल्यावरची काकू तिला जिन्यात अडवून सांगायची. तीही म्हणायची, 'सोडत नाही काकू.'

आणि सोडलं नाहीच. अकराव्या धक्क्याचं काम निघालं आणि तिला हवी होती ती संधी आपल्या पायाने चालत आली. नव्या धक्क्याखाली जेवढा समुद्रतळ बुजणार तेवढाच दुसरीकडे पुन्हा जिवंत करून द्यायचा, अशी परवानगीची अट होती. त्यासाठी तीन जागा सुचवायच्या होत्या. दोन तिने मुद्दाम लांबच्या आणि अडचणीच्या सुचवल्या. तिसरी खाडीच्या तोंडाची. तिथला बराचसा गाळ बावीस वर्षांत प्रवाहाने वाहून नेला होता, उरलेला काढून शिंपल्यांचं बी पेरलं की झालं. साहेबाने तिसऱ्या जागेवर आनंदाने बोट ठेवलं. त्याला निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि जाण्याआधी अकराव्या धक्क्याला सुरुवात झालेली बघायची होती.

जागा पक्की झाल्यावर तिने अर्ज पुढे सरकवला. अर्जाच्या चौथ्या पानावर दोन प्रश्न होते. ही प्रजाती या जागी पूर्वी होती याचा पुरावा काय? आणि, पूर्वीच्या एखाद्या अहवालात ती नव्हती असं लिहिलं असेल, तर तो लिहिणाऱ्याने सहीनिशी खुलासा करावा.

साहेबाने पान वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. ती समोर बसून त्याच्या कपाळावरचा घाम बघत होती, आणि खोटं कशाला सांगायचं, तिला फार बरं वाटत होतं.

"हे तुम्ही जागा सुचवली तेव्हाच माहीत होतं तुम्हाला," तो म्हणाला.

"अर्ज सगळ्यांना सारखाच असतो साहेब."

"मी लिहितो. तेव्हा साधनं अपुरी होती म्हणून."

"लिहा."

त्याने लिहिलं, तिने परत पाठवलं. खुलासा पटला असा शेरा देणं तिच्याच हातात होतं. मग त्याने 'नजरचुकीने' लिहिलं, तिने परत पाठवलं. मग 'भरतीच्या वेळी पाहणी केल्यामुळे' असं लिहिलं. हे तसं खरं होतं. भरतीला वरून पाहिलं तर चिखलातला शिंपला कुणाच्या बापाला दिसणार नाही, आणि ओहोटीला पुन्हा यायचे कष्ट या माणसाने घेतले नव्हते. पण तेवढ्याने तिचं समाधान होणार नव्हतं. तिने स्वतः एक वाक्य टाइप करून त्याच्या टेबलावर ठेवलं: 'येथे शिंपले आहेत हे माहीत असूनही मी नाहीत असे लिहिले.'

"हे मी लिहिणार नाही," साहेब म्हणाला. "चुकलो म्हणा. आळस केला म्हणा, तेही खरं आहे. पण माहीत नव्हतं हो मला. मी ज्याची होडी घेतली होती त्या नावाड्याला विचारलं होतं. तो म्हणाला, खाली नुसती वाळू आणि दगड आहेत. त्यानेच सगळीकडे फिरवलं मला."

"कोण नावाडी? नाव सांगा."

"बावीस वर्षं झाली बाई. नाव कुठे आठवणार? भला माणूस होता. मला ऊन लागलं तर स्वतःची टोपी दिली."

"सोयीचा नावाडी आहे तुमचा," ती म्हणाली. "टोपीसकट सोयीचा."

पंधरा दिवस तिने त्याला असं टांगून ठेवलं. माशांच्या अंड्यांचे अडीच महिने जवळ येत होते. त्याआधी सुरुवात झाली नाही तर काम निवृत्तीच्या पलीकडे जाणार होतं, आणि ते दिवस तिनेच ठरवलेले असल्यामुळे त्यात एक तास इकडचा तिकडे होणार नव्हता. शेवटी शनिवारी दुपारी साहेबाने तिला बोलावलं. तिचं वाक्य तिच्यासमोर वाचलं आणि खाली सही केली. सही पुरी होईपर्यंत तिने पेनावरची नजर हलवली नाही.

"काम अडू नये म्हणून देतोय. हे खरं नाही, एवढं लक्षात ठेवा."

"तुमची ती ओळ तरी कुठे खरी होती?"

त्याने कपाटातून एक जुना, घड्यांवर फाटत आलेला नकाशाही काढून दिला. त्या पाहणीत होडीतून जिथे जिथे तळाचा नमुना वर काढून पाहिला होता तिथे लाल ठिपके होते. एकूण एकोणीस. याच नकाशावर जुन्या माणसाकडून शिंपल्यांच्या जागा दाखवून घ्यायच्या होत्या आणि सोमवारच्या जनसुनावणीत तो पुरावा म्हणून ठेवायचा होता. जुना माणूस तिच्या घरातच होता.

रविवारी जेवणं झाल्यावर तिने टेबल पुसलं, नकाशा पसरला आणि वडिलांच्या हातात पेन्सिल दिली. सत्याहत्तर वर्षांच्या बाबांना आताशा वर्तमानपत्र वाचायला भिंग लागे, पण खाडी त्यांना भिंगाशिवाय दिसली. त्यांनी आधी कडा ओळखल्या, मग पेन्सिल टेकवून एक लांबट गोल काढला. "ही आपली. ही काकूच्या घरची. ही त्या लंगड्या भावांची, दोघांत रोज भांडणं. ही मोठी सगळ्यांची मिळून." बघता बघता सात गोल झाले. मग ते थांबले, नकाशा जवळ ओढला आणि हसायला लागले. दात नसलेल्या तोंडाने, खांदे हलवत, पोट धरून हसले.

"काय झालं बाबा?"

"हे लाल ठिपके त्याचे ना? बघ की! एक तरी आत पडलाय का? एकोणीसच्या एकोणीस बाहेर!"

तिने पाहिलं. खरंच, ठिपके गोलांच्या मधल्या फटींतून असे गेले होते की चुकूनही एकाने गोलाची रेघ ओलांडली नव्हती. डोळे बांधून एकोणीस खडे फेकले असते तरी तीन-चार आत पडले असते. हे काम जागा ठाऊक असलेल्या माणसाचं होतं.

"हे तुम्हाला कसं..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"मीच तर फिरवला त्याला! दिवसभर. म्हणाला, शिंपले सापडतात का हो इथे? म्हटलं, छे, वाळू आणि दगड. आपली जागा परक्याला दाखवायची नाही. तुझ्या आईला लग्नानंतर तीन वर्षांनी दाखवली होती मी, माहीत आहे? आणि हा कोण कुठला, टोपीसुद्धा न घेता आलेला! मला वाटलं कुणा व्यापाऱ्याचा माणूस असेल. आज बघून जाईल आणि उद्या यंत्रं घेऊन सगळं ओरबाडून नेईल. मग काय, दिली त्याच्या हातावर तुरी."

हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"गाळाची पहिली बोट आली तेव्हा कळलं काय झालं ते. मग कुणाला सांगणार?"

"आईला माहीत होतं?"

बाबा नकाशाची घडी बोटाने सपाट करत राहिले. आई खिडकीत बसून बोटं चोळायची तेव्हा ती कोणाचा विचार करत होती, हे मुलीला आज, एवढ्या वर्षांनी कळलं.

तिच्या पायाखालची जमीन सरकली, असं लिहून मोकळं होता येईल. पण खरं सांगायचं तर तिला आधी आला तो संताप. बापाने केलं त्याचा नाही, तेव्हा वस्तीतल्या कुणीही तेच केलं असतं. संताप आला तो रोजच्या जेवणाचा. हा माणूस बावीस वर्षं समोर बसून त्या दुसऱ्याला शिव्या घालत होता, तिच्या शिव्यांना मान डोलवत होता. तिने लग्न केलं नाही, दुसरं काही शिकली नाही, सगळं आयुष्य एका माणसाच्या मागे लावलं, आणि हा भाजी वाढून घेत मूग गिळून बसला होता.

"तुम्ही उद्या हे सांगायचं," ती म्हणाली.

"सांगायचं कशाला? सही केलीय ना त्याने? झालं तर मग. बंदर त्यानेच आणलं ना? भोगू दे." आणि ते आडवे व्हायला उठले.

ती गप्प राहिली. हे सांगितलंच पाहिजे की ती गप्प राहिली, आणि ते काही बापाच्या मायेपोटी नाही. सही केलेला कागद तिच्या पिशवीत होता. इतकी वर्षं जे हवं होतं ते हातात आलेलं असताना, ते खोटं आहे म्हणून सोडून द्यायला तिचा जीव होईना. त्यानेही खोटं लिहिलं होतंच की, अजाणता का होईना. ओहोटीला एकदा आला असता तर? एकदा बूट काढून उतरला असता तर? अशी स्वतःची समजूत घालत ती सोमवारी सभागृहात जाऊन बसली.

सभागृह भरलं होतं. पुढच्या तीन रांगांत जुन्या वस्तीची पांढरी डोकी होती. मधोमध बाबा, त्यांच्या शेजारी तळमजल्यावरची काकू. मंचावर मंडळाचे अध्यक्ष, आणि बाजूच्या खुर्चीत साहेब मांडीवर हात ठेवून बसलेला. भिंतीवर नकाशा लावला होता, सात गोल आणि एकोणीस ठिपके, आणि ते पाहून कुणालाच काही विचारावंसं वाटलं नव्हतं. तिने माईक घेतला आणि खुलासा वाचला. आवाज अजिबात कापला नाही.

"'येथे शिंपले आहेत हे माहीत असूनही मी नाहीत असे लिहिले.' खाली सही, मुख्य अभियंता."

सभागृहात एकच हुर्यो उठली. कुणी शिट्टी मारली. "खोटारडा!" काकू खुर्चीवरून अर्धी उठून ओरडली. लंगड्या भावांपैकी जो उरला होता तो काठी आपटायला लागला. साहेब खाली बघत बसला होता, त्याचे कान लाल झाले होते. हाच तो क्षण. याची तिने इतक्या वेळा उजळणी केली होती की कुठे श्वास घ्यायचा तेही ठरलेलं होतं. तिने श्वास घेतला आणि समोर पाहिलं.

बाबा टाळ्या वाजवत होते. हात डोक्याच्या वर नेऊन, मनापासून, काकूकडे बघून हसत.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कालपासून जपून ठेवलेलं सगळं गप्प राहणं त्या टाळ्यांनी जाळून टाकलं. एकावर डूख धरून बावीस वर्षं काढली होती, तो डूख जागेवरच वळला.

"अजून एक साक्ष आहे," ती माईकमध्ये म्हणाली. "दुसऱ्या रांगेतले, मधल्या खुर्चीवरचे गृहस्थ. उभे राहा."

टाळ्या थांबल्या. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, जणू मधल्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलंय.

"उभे राहा. या पाहणीच्या दिवशी साहेबांची होडी कोण वल्हवत होतं?"

अध्यक्षांनी काहीतरी विचारलं, तिने तिकडे लक्ष दिलं नाही. साहेबाने मान वर केली होती आणि तो म्हाताऱ्याकडे टक लावून बघत होता, ओळख पटत असल्यासारखा. बाबा पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून हळूहळू उभे राहिले.

"मी," ते म्हणाले.

"आणि साहेबांनी शिंपल्यांचं विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलं?"

"वाळू आणि दगड."

"नोंद करा," ती अध्यक्षांना म्हणाली. मग साहेबाचा कागद त्याच्यासमोर ठेवला आणि पेन दिलं. त्याने 'माहीत असूनही' हे शब्द खोडले, वर 'ओहोटीला पाहणी न करता' असं लिहिलं आणि शेजारी सही केली. तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. तिनेही त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याच्याशी तिचं आता काही काम नव्हतं.

ती समोरच्या तीन रांगांकडे बघत होती. बाबा अजून उभे होते. काकू आपल्या चपलांकडे बघत होती. काठीवाल्याने काठी मांड्यांत घट्ट धरली होती. कुणालाही धक्का बसलेला नव्हता, कुणी कुणाला 'म्हणजे काय' असंही विचारत नव्हतं. एकेक पांढरं डोकं खाली जात होतं, आणि तिला कळलं की यांच्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. पहिल्या गाळाच्या बोटीपासून ठाऊक होतं. जिन्यात अडवून 'सोडू नकोस पोरी' म्हणणाऱ्या बाईलासुद्धा.

"आता करा की हुर्यो," मोजणीबाई म्हणाली.

माईक चालू होता, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. तिने वाट पाहिली. कुणीच केली नाही.